मागचा जिना

"नाही म्हणजे नाही!" बाबांनी कटर टेबलावर आपटला. "परदेशात जाऊन काय दिवे लावणार आहेस? ते अख्खं शहर माझ्या टेबलावर आहे. बघ की हवं तितकं!"

भिंगरीची डावी भुवई वर चढली. बाबांची आधीच चढली होती. राग आला की बापलेकीची एकच भुवई चढायची, तीही डावी.

टेबलावर खरंच शहर होतं. बाबांचा धंदाच तो. जगभरातले चौक, पूल, मनोरे यांच्या छोट्या प्रतिकृती बनवायच्या आणि शाळांना, संग्रहालयांना विकायच्या. सगळं भिंगातून फोटो बघून. वर्षातून दोनदा त्या प्रतिकृती खोक्यांत भरून ते महिना-महिना प्रदर्शनांना जायचे, पण देशातल्या देशात. पासपोर्ट काढायचा विषय निघाला की म्हणायचे, "कशाला? जग माझ्याकडे चालत येतं."

हे एकच शहर मात्र त्यांनी कधी विकलं नव्हतं. गिऱ्हाइकं हात धुऊन मागे लागली तरी नाही. आणि नेमकी त्याच शहरात भिंगरीच्या शाळेची सहल चालली होती.

"फोटोत वास येतो का, बाबा? आवाज येतो? दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं आणि वर सांगायचं, नदी गोड आहे!"

"जीभ फार चालायला लागलीय तुझी."

"पाय चालू देत नाही, मग जीभ तरी चालू दे!"

शेजारच्या खोलीत आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

भिंगरी प्रतिकृतीवर वाकली. "हे घर बघा. घंटाघराच्या मागचं. तुमच्या एकाही फोटोत याची मागची बाजू नाही. मग हा जिना कुठून आला? हिरवा कठडा, त्यातला एक गज गायब, गजाच्या जागी तार! आणि वरच्या खिडकीत दिवा. अख्ख्या शहरात दिवा तो एवढा एकच. मनानेच बनवलंय ना?"

"कारागिराला थोडी कल्पना लढवावी लागते."

"थापा म्हणतात त्याला!"

"भिंगरी!" बाबा इतक्या झटक्यात उठले की स्टूल उलटलं. "त्या शहराचं नाव काढायचं नाही यापुढे!"

"काढणार! जाणार! आणि त्या घराच्या मागे जाऊन बघणार. जिना नसला ना, की तोंडावर सांगेन तुमच्या, तुमचं सगळं शहर खोटं आहे म्हणून!"

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात आई आत आली. शाळेचा संमतीचा कागद उचलून तिने उभ्या उभ्याच सही ठोकली.

"तुला काही कळतं का?" बाबा गरजले.

"नाही ना कळत," आई म्हणाली. "कळावं म्हणूनच जाऊ दे तिला."

निघायच्या दिवशी बाबा खोलीबाहेर आलेच नाहीत. भिंगरीनेही हाक मारली नाही. घराचं निळं फाटक तिने असं आदळलं की कोपऱ्यावरच्या वाकड्या खांबावरचे पक्षी उडाले. विमानात मैत्रिणी गाणी म्हणत होत्या. ही आपली मनातल्या मनात भांडत होती.

आणि मग ते शहर! ओल्या दगडांचा वास, कॉफीचा वास. घंटाघराचे टोले कानांत नाही, थेट दातांत वाजत होते. आणि चौक चक्क उतरता होता! चांगला घसरगुंडीसारखा! बाबांचं टेबल सपाट, म्हणून बाबांचा चौक सपाट. चढताना भिंगरीच्या पोटऱ्या भरून आल्या, आणि तिला असा काही आनंद झाला की विचारू नका. बाबांनी इथे पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही, हे तो चौकच ओरडून सांगत होता. पोटऱ्यांना कळलं ते भिंगाला कुठून कळणार?

"बाई, मी पलीकडून फोटो काढून आलेच," ती म्हणाली.

"लांब जाऊ नकोस. आणि कुणाशी भांडू नकोस!"

"भांडण घरी आहे, बाई!"

ती घंटाघराला वळसा घालून घराच्या मागे गेली. घरी जाऊन म्हणायचं वाक्य तोंडात तयारच होतं.

जिना होता.

कठडा हिरवा होता. एक गज नव्हता, आणि त्याच्या जागी तार होती. हाताला टोचू नये म्हणून तारेचं टोक आत दुमडून चपटं केलेलं होतं. बाबा दुमडतात तसं.

भिंगरीचा राग आणखीनच भडकला. खोटं पकडायला आलेली ती, आणि इथे एक गजसुद्धा खोटा निघेना! ती दणादण जिना चढली आणि वरचं दार ठोठावलं. एकदा. मग मुठीने.

दार तिच्याच वयाच्या एका मुलीने उघडलं. हा कसला धसमुसळेपणा, अशा नजरेने तिने भिंगरीकडे पाहिलं, आणि तिची डावी भुवई वर चढली.

तिच्या मागे, खिडकीतल्या दिव्याखाली एक टेबल होतं. टेबलावर पुठ्ठ्याची एक गल्ली होती. कोपऱ्यावर वाकडा खांब. पुढे निळं फाटक. अख्ख्या गल्लीत एकाच खिडकीत दिवा होता, भिंगरीच्या खोलीच्या.

आतून एका बाईने हाक मारून काहीतरी विचारलं. भाषा परकी होती, पण हाकेतलं नाव परकं नव्हतं.

"भिंगरी?"

दोघींच्या माना एकदमच वळल्या.