मधले दिवस

“आणि पाळीनंतरच्या त्या मधल्या दिवसांत नवऱ्याजवळच असतेस ना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

संजीवनीनं मान खाली घातली. चिखलीच्या या दवाखान्यात ती सासूला न सांगता आली होती. लग्नाला बरीच वर्षं झाली, कूस उजवली नव्हती. तपासण्यांत दोष निघाला नव्हता. तिच्यातही नाही, दीपकमध्येही नाही.

“नाही,” ती म्हणाली. “त्या दिवसांत मले देवघरात झोपवतात.”

“का?”

“तवा ती येते.”

ती म्हणजे पुष्पांजली, दीपकची पहिली बायको. मूल होत नाही म्हणून तिनं मळ्यातल्या विहिरीत जीव दिला. त्यानंतर संजीवनी उंद्रीच्या त्या घरात आली. सासूनं, सुभद्राबाईंनी, मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक लग्नातच तिच्या गळ्यात बांधला. मेलेलीचा मान राखला की ती त्रास देत नाही म्हणे.

तरी त्रास झालाच. पाळी येऊन जायची, काही दिवस बरे जायचे आणि मग ओटीपोटात एका बाजूला कळ उठायची. अंगावरून पाणी जायचं. स्वच्छ, बोटात धरलं तर तार निघावी असं. आणि भरदुपारी वांगी तोडता तोडता नवऱ्याची अशी ओढ लागायची, की तिची तिलाच लाज वाटायची. नवी होती, भाबडेपणानं तिनं हे सासूच्या कानावर घातलं. सुभद्राबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

“ते तू नाहीस. पुष्पांजली हाये. तुह्या अंगात येते अन् नवरा मागते. तिच्या तावडीत असताना पोटात काही राह्यलं, तं ते तिचं होईन. तुहं नाही.”

तेव्हापासून कळ आली की अंथरूण देवघरात. पाणी आटेपर्यंत तिथंच. बाहेरून कडी. दीपक आईपुढं चकार शब्द काढत नसे. संजीवनी अंधारात पडून राही. पुढं पुढं तिला खरंच कुणीतरी शेजारी निजल्यासारखं वाटू लागलं. ओल्या केसांचा वास येई. आपला श्वास कुठला आणि तिचा कुठला, कळेनासं होई.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या हसल्या नाहीत.

“संजीवनी, दोन पाळ्यांच्या मधे बाईचं बीज सुटतं. ते सुटायच्या बेतात असलं की शरीर खुणा करतं. ते पाणी त्याचंच. कुणाला कळ येते, कुणाला नवऱ्याची ओढ लागते. दिवस राहायचे तर याच वेळी राहतात. हा आजार नाही आणि भूतही नाही. ती तूच आहेस.”

बाहेर दीपक मोटारसायकलवर थांबला होता. तिनं त्याला एकेक गोष्ट सांगितली. त्याचा चेहरा उतरला.

पुढची पाळी येऊन गेली. एका दिवेलागणीला भाकरी थापता थापता संजीवनीचा हात थांबला. सुभद्राबाईंनी ते पाहिलंच.

“आली काय वं ती?” त्या उठल्या आणि देवघराची कडी काढू लागल्या.

“कोनी आलं नाही, आत्याबाई,” संजीवनी म्हणाली. “मीच हाये.”

पिठाच्या हातांनी ती उभी राहिली आणि डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं तिनं सासूला सांगितलं. कुठं अडखळली, कुठं लाजली, पण सांगितलं. मग देवघरात जाऊन आपली गोधडी उचलली आणि दीपकच्या खोलीत नेऊन टाकली. आता आरडाओरडा होईल, शेजारपाजार गोळा होईल, अशी तिनं मनाची तयारी केली होती.

पण तसं काही झालं नाही. ती परतली तेव्हा सुभद्राबाई देवघराच्या उंबऱ्यावर बसलेल्या होत्या.

“सम्द्या बायकायले होते हे?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“कळ, पानी, सम्दं?”

“हो, आत्याबाई. तुमालेबी होत असन तवा.”

सुभद्राबाई आतल्या अंधाराकडं वळल्या. मग त्या बोलल्या, पण संजीवनीशी नव्हे.

“पुष्पांजलीलेबी होत होतं. मले वाटे, माही मेलेली सासू येते तिच्या अंगात. तिलेबी मी इथंच कोंडत होती.”