डेरिकची आई

"झाकण काढा," टेबलामागचा अफांदे, म्हणजे ठाण्याचा साहेब, म्हणाला.

एडिसानं डबा उघडला. वरच्या डब्यात शेंगदाण्याचा दाट रस्सा होता, खालच्यात केळीच्या पानात बांधलेला मातोके, उकडून कुसकरलेली हिरवी केळी. कोठडीत जाणारं अन्न आधी दाखवावं लागे, आणि दाखवता दाखवता निम्मं टेबलावरच संपे. एडिसाला ते पाठ होतं. ठाणं कुठलंही असो, ती नेहमी दोघांना पुरेल इतकं रांधून न्यायची.

"कुणासाठी?"

"डेरिकसाठी. परवा धरून आणलात ना, तो. मी त्याची आई." कोठडी भिंतीपलीकडेच होती, म्हणून ती मुद्दाम मोठ्यानं बोलली. आपल्यासाठी कुणी आलंय, हे त्या पोराला कळायला हवं होतं.

अफांदेनं तिला खालून वर न्याहाळलं. ती लग्नाला निघाल्यासारखी सजून आली होती. खांद्यांवर टोकं काढलेली कडक इस्त्रीची पायघोळ गोमेसी, कमरेला चकचकीत पट्टा. नीटनेटक्या बाईवर खेकसायला माणूस जरा कचरतो, असा तिचा अनुभव होता.

"या असल्यांसाठी कुणी येत नाही, न्याबो. आईबाप फोनसुद्धा उचलत नाहीत. तुम्ही पहिल्याच." न्याबो म्हणजे बाईसाहेब; इस्त्री कामाला आली होती.

"कुणीतरी यायला हवं ना."

त्यानं तिचं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि टेबलावर टाकलं. "काय करत होता, ठाऊक आहे? खोली भाड्यानं घेऊन त्यांच्यातली, समलिंगी पोरंपोरी जमवली होती. पोलिसांनी धरलं तर काय बोलायचं, काय नाही, आपला हक्क कुठवर, हे शिकवत होता. नवा कायदा याला प्रचार म्हणतो. वीस वर्षं आत."

"कायदाच शिकवत होता की. तुमचंच काम हलकं केलं."

अफांदेला हसू आलं, ते त्यानं दाबलं. "जिभेनं पोरगा तुमच्यावरच गेलाय."

एडिसानं ओळखपत्र उचलून घेतलं. उद्या डेरिकला कोर्टात उभं करणार होते. तिथून मोठा तुरुंग, आणि त्याआधी कपडे उतरवून, जबरदस्तीनं होणारी ती डॉक्टरी तपासणी. तिच्याबद्दल सुटून आलेली पोरं कधी बोलत नसत. आज जामिनावर सोडता येत होतं, पण आईबापांच्याच ताब्यात, असा या अफांदेचा हट्ट होता. वकीलबाई प्रॉसी सकाळीच हात हलवत परत गेली होती आणि आता रस्त्यापलीकडे गाडीत बसून होती. डेरिकला घेतल्याशिवाय एडिसा इथून उठणार नव्हती.

अफांदेनं रश्श्यात चमचा फिरवला आणि तो तसाच थांबला.

"ही अळंबी आहे."

"हो. ताजी मिळाली बाजारात."

"पोरगा अळंबी कुळाचा आहे. माझ्याच कुळाचा निघाला, म्हणून तर माझी मान आणखी खाली. आमच्यात अळंबी तोंडाला लावत नाहीत, न्याबो. आणि सख्खी आई त्याला तीच रांधून आणते?"

एडिसाला सकाळचा बाजार आठवला. टोपलीत पांढरीशुभ्र अळंबी दिसली आणि हात गेला, एवढंच. असला वेंधळेपणा साऱ्या बुगांडा मुलखात कुठल्या बाईनं केला नसता.

"बाप आम्हाला टाकून गेला," ती म्हणाली. "जाताना कूळही घेऊन गेला. माझ्या चुलीवर माझ्या मर्जीचं शिजतं."

अफांदेला ते पटलेलं दिसलं नाही. त्यानं शिपायाला खूण केली. "आणा त्याला. त्यालाच विचारू."

डेरिक आला. अनवाणी, ओठ सुजलेला, पट्टा काढून घेतल्यामुळे एका हातानं पँट धरलेली. विशीतला पोरगा, पण दोन दिवसांत पार उतरला होता.

"ही बाई कोण?"

डेरिकनं एडिसाकडे पाहिलं. मग टेबलावरच्या डब्याकडे पाहिलं. एडिसानं हातातलं झाकण घट्ट धरलं. आता तिच्या हातात तेवढंच उरलं होतं.

"आई," तो वैतागून म्हणाला, "पुन्हा अळंबी? किती वेळा सांगितलं, मी खात नाही म्हणून. माझं कधी ऐकशील तर शपथ."

"खाली मातोके आहे, तो गीळ. कोठडीत बसलाय आणि नखरे बघा."

अफांदे खो खो हसला. शिपाईही हसला. "सोडा," अफांदे डोळे पुसत म्हणाला, "अशी कुरकुर पोटचं पोरच करतं." मग हसू आवरून तो जरा गंभीर झाला. "खरं सांगू, न्याबो? माझा पोरगा असता तर मी पाणीसुद्धा नेलं नसतं."

"तुमच्या बायकोनं नेलं असतं."

त्यानं जामिनाचा कागद पुढे सरकवला, एडिसानं सही केली. रस्सा त्याला चाखताही आला नाही, याचंही तिला थोडं बरं वाटलं.

फाटकावरचे पहारेकरी बघत होते, म्हणून तिनं डेरिकचा दंड धरून त्याला बाहेर नेलं आणि वाटभर रागावत राहिली. भिंत संपली तिथं एक बाई निखाऱ्यांवर कणसं भाजत होती. तिच्या आडोशाला एडिसानं त्याला खोक्यावर बसवलं आणि पान उलगडून दिलं. तो मातोके खायला लागला. रस्सा तिनं स्वतः संपवला. अळंबी खरंच झकास झाली होती.

"ओठ दुखतोय?"

"हसलं की दुखतो."

यावर दोघंही हसले. ऊन छान पडलं होतं, पोरगं समोर बसून जेवत होतं. आज सकाळपासून पहिल्यांदा एडिसाला हलकं वाटलं, आणि तिनं त्याच्या पानातला एक घास उचलला.

डेरिकनं पान पुसून घेतलं.

"आई, एक विचारू?"

"विचार की."

"तुमचं नाव काय?"