टबातला पाहुणा

"हे बघ," जाळीतला मासा उजेडाकडे धरून तपासनीस म्हणाले, "मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके. कल्ल्यांवर, शेपटीवर. परजीवी आहेत हे. पाहुणा म्हणून येतोस आणि घरात रोगराई आणतोस?"

समोर उभ्या असलेल्या लिफ्टवाल्याने मान पुढे केली. "काका, मी आणलेला हाच ना, नक्की?"

"घ्या! स्वतः आणलेला मासा याला ओळखता येत नाही." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "आणि याच्याशी तुला लग्न करायचंय."

चूक मुलीचीही होती. नवा मासा आधी पिशवीसकट टाकीत तरंगत ठेवायचा आणि मग वेगळ्या टबात सोडायचा, हा घरचा नियम तिला पाठ होता. पण पिशवीची गाठ सैल निघाली, आणि बाबा आंघोळ करून येईपर्यंत पाहुणा थेट टाकीत उतरला होता.

तपासनिसांची हयात औषधांच्या कारखान्यात माल नापास करण्यात गेली होती. निवृत्तीनंतर नापास करायला घरचीच माणसं उरली. त्यात मुलीने लिफ्ट दुरुस्त करणारा मुलगा पसंत केला, त्याला तर ते पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होते. मुलगा बिचारा साधा. होणाऱ्या सासऱ्याची मर्जी मिळवायला त्यांच्या टाकीतल्या लाडक्या सरदारासारखाच मासा त्याने दुकानं पालथी घालून शोधून आणला होता. तोच लाल रंग, तीच लांबी, तशीच पंख्यासारखी शेपटी. "सरदाराला जोडीदार," असं म्हणत त्याने पिशवी पुढे केली होती.

त्यामुळे टाकीत दोन लालभडक मासे फिरताना दिसले, तेव्हा तपासनिसांना विचार करावाच लागला नाही. एक मधोमध ऐटीत पोहत होता. दुसरा ठिपकेवाला, कोपऱ्यात अंग चोरून. जाळी सरळ कोपऱ्यात गेली.

"अहो, पण आपले काळे मासे तर हा यायच्या आधी, परवापासूनच दगडांना अंग घासतायत," बायको म्हणाली.

"त्यांना खाज सुटलीय. तू मधे पडू नकोस. माझ्या टाकीत रोग होत नाही, तो बाहेरून येतो."

"औषध केलं की बरा होतो ना हा?" मुलीने विचारलं.

"होतो की. कर. हा जगला तर लग्नाला माझी ना नाही. मेला, तर याने पुन्हा या घरी यायचं नाही. जिन्याने नाही आणि लिफ्टनेही नाही."

"चालेल, काका," लिफ्टवाला म्हणाला आणि वाकून नमस्कार करून गेला.

टब मागच्या उघड्या सज्जात गेला. तिथे गार वारा यायचा. उपाय तपासनिसांनी सांगितला, राबली मुलगी. पाण्यात मीठ, निळं औषध, रोज थोडं पाणी बदलणं. परजीवी अंगाला चिकटलेला असतो तोवर औषध त्याला शिवत नाही. तो गळून पाण्यात आला की मरतो, आणि पाणी कोमट असेल तर लवकर गळतो. हे तपासनिसांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"बाबा, कपाटातला जास्तीचा हीटर देता?"

"तो सरदारासाठी ठेवलाय. उद्या त्याला लागण झाली तर काय करू? लिफ्टवाल्याच्या माशाला गोधडी पांघर."

टबाच्या पाण्याला ते स्वतः बोटही लावत नसत. रोग पसरू नये म्हणून टाकीतही कुणी हात घालायचा नाही, असा हुकूम त्यांनी काढला आणि स्वतः पाळला. त्यात त्यांचा रोजचा आनंद गेला. ते सकाळी पाण्यात बोट बुडवत, आणि सरदार येऊन ते लहान मुलासारखं चोखत असे. दुसऱ्या कुणाच्या बोटाकडे तो फिरकायचा नाही. आल्यागेल्याला ते ही गंमत दाखवत. एका दळभद्री माशापायी तेही बंद झालं, म्हणून ते आणखीच चिडले होते.

"सरदार बघ कसा झळकतोय," काचेबाहेरून ते बायकोला दाखवत. "रोगी शेजारी पोहून गेला, पण अंगावर एक ठिपका नाही. याला म्हणतात जात. नाहीतर तो टबातला. मालकासारखाच, ना तेज ना दम."

"बाबा, तुम्ही जवळून गेलात की हा वर येतो," मुलगी एकदा म्हणाली. "माझ्यासाठी नाही येत."

"लोचट आहे. कुणाची मर्जी राखायची ते त्याला शिकवूनच पाठवलंय."

ठिपके वाढत गेले. मासा एका कुशीवर कलला. लिफ्टवाला रोज फोन करून फक्त माशाची चौकशी करायचा. शेवटी त्याने स्वतःच हीटर विकत घेतला.

"तो हीटर घेऊन निघालाय, बाबा. मी त्याला घ्यायला खाली जाते. तेवढं थांबा, लगेच टबात लावू."

मुलगी पळत खाली गेली. तपासनीस थांबले नाहीत. हीटर लागला आणि मासा खरंच वाचला तर दिलेला शब्द पाळावा लागणार होता, आणि ते त्यांना नको होतं. "मुक्या जिवाचे हाल कशाला," ते बायकोला ऐकू जाईल असं म्हणाले. लवंगेचं तेल माशाला आधी झोपवतं, जास्त झालं तर कायमचं झोपवतं. त्यांनी बाटलीत पाणी आणि तेल घेऊन दुधाळ होईपर्यंत हलवलं आणि सगळं टबात ओतलं. बरं वाटलं त्यांना. बऱ्याच दिवसांनी एक माल रीतसर नापास झाला होता.

तेल एका बाजूला साचून राहिलं. ढवळायला हाताशी काही नव्हतं. त्यांनी नाक मुरडलं, बाही वर सारली आणि पाण्यात बोट घातलं.

तळाशी पडलेला मासा हलला. कलत, धडपडत वर आला, आणि त्यांचं बोट तोंडात धरून चोखू लागला.