गुरुवारची खडखड

गुरुवारी निरंजनला कंपनीची सुट्टी. आईबाबांना घेऊन भाजी आणायला निघाला, तर गाडीत मागून पुन्हा तीच खडखड. शेजारी बसलेल्या उद्धवरावांनी डोळे मिटून कान दिला.

"गावात नाही कळायचं. हायवेला घे."

"बाबा, मेकॅनिक म्हणतो, गाडीत काहीच नाही."

"त्याला काय कळतंय! घे तू."

चाकण मागे पडलं. "अजून थोडं पुढे" करत राजगुरुनगर आलं. मिसळ झाली, बापलेकांच्या पोटभर गप्पा झाल्या. येताना आवाज गायब.

चिखलीत घरापाशी दोघांना उतरवून निरंजन गाडी लावायला गेला. उद्धवराव बायकोला हळूच म्हणाले, "पुढच्या गुरुवारी डब्यात मोठा नट टाक. हा गाणी फार मोठ्यानं लावतो."

"टाकते. पण मागं तुम्ही बसा. डबा हलवून हलवून हात भरून आलाय माझा."