जड हात

"काका, हात जड पडतोय तुमचा," सर म्हणाले. "आवाज मारून टाकू नका. नुसता दाबा."

मागची पोरं खाली मान घालून हसली. डोमाजींचे कान तापले.

एसटीच्या वर्कशॉपात पाने फिरवण्यात आयुष्य गेलेला माणूस या वयात तिवश्याहून अमरावतीला हेवी मेटल गिटार शिकायला येतो, याची त्यांची त्यांनाच लाज वाटे. बायकोला, मनकर्णाला, गुडघा दाखवायला जातो म्हणून सांगितलं होतं. त्या थापेची लाज आणखी वेगळी.

शिकायचं होतं ते पाम म्यूट. तळव्याची कड तारांवर अलगद टेकवून प्लास्टिकची पिक मारली की जाड, दबका आवाज निघतो. आज ते जमलं नाही तर पुढच्या बॅचला येऊ नका, असं सरांनी बजावलं होतं. डोमाजींना काहीही करून यायचं होतं.

सर बाकीच्यांची बोटं धरून तारेवर ठेवत, त्यांची थट्टाही करत. डोमाजींशी मात्र कामापुरतं बोलत, तेही लांबूनच. पोरं काका म्हणायची, म्हणून तेही काका म्हणत. मघाशी डोमाजींनी अँपचं आवाजाचं बटण फिरवायला झटक्यात हात उचलला, तर सर चटकन मागे सरले. डोमाजी इतके शरमले की बटण तसंच राहिलं.

सरांची स्वतःची गिटार जुनी होती. मान मोडून पुन्हा चिकटवलेली. डोमाजी तिच्याकडे बघत नसत.

सर चहाला खाली गेले तेव्हा शेजारच्या दीक्षानं विचारलं. ती कॉलेजात शिकायची आणि जरा भोचकच होती. "काका, तुमाले कावून शिकायचं हाय हे?"

"माह्या पोराले लय आवडे."

"मंग त्यालेच पाठवा ना."

"तो नाई येत आता घरी." डोमाजी तारा पुसत राहिले. "होता तवा म्या कदी ऐकलंच नाई त्याचं."

दीक्षाचा चेहरा उतरला. नको ते विचारून बसले असं तिला झालं. मग ती आपला तळवा कसा टेकवते तेवढं त्यांना दाखवत राहिली.

डोमाजींची पाळी सगळ्यांत शेवटी आली. वर्ग रिकामा झाला होता. त्यांनी तळवा टेकवला, पिक मारली. तार ठक्क वाजून गप्प झाली. पुन्हा मारली. पुन्हा तेच.

"नाई जमत मले," ते म्हणाले. "हा हातच वाईट हाय."

ते गिटार खाली ठेवायला वाकले. सर खुर्ची ओढून जवळ बसले, आणि पहिल्यांदाच त्यांनी डोमाजींचा उजवा हात धरून तारांवर अलगद ठेवला.

"असा हलका ठेवत जा, बाबा," सर म्हणाले. "आई कशी हाय?"