एकचं बटण

स्क्रीनवर पुन्हा ‘दोन’ उमटला आणि कंपनीचे मालक मगनभाईंच्या हातातलं खमण हातातच राहिलं. “प्रदीपभाई, आ ‘एक’ क्यां गयो?”

एक सोमवारपासून गायब होता. कंपनीने म्हाताऱ्या माणसांसाठी अ‍ॅप बनवलं होतं. नाव ‘काळजी’. मुलं परगावी, कामात. म्हणून अ‍ॅपच आईबापाला फोन करणार आणि गोड आवाजात विचारणार, जेवलात का? जेवला असाल तर एक दाबा, नसाल तर दोन. ते नीट चालतं का हे तपासायला एआय एजंट ठेवला होता. एजंटला जी टूल्स, म्हणजे कामाची साधनं, देतात, त्या प्रत्येकाखाली माणसाने दोन ओळी लिहायच्या: हे काय करतं, कधी वापरायचं, कुठे थांबायचं. एजंट तेवढंच वाचतो आणि तेवढंच खरं मानतो. त्या ओळी लिहिणं हे प्रदीपचं काम. फोनच्या टूलखाली त्याने घाईत लिहिलं होतं, ‘फोन लावतं. एक आणि दोन, दोन्ही उत्तरं मिळेपर्यंत लावत राहावं.’

तपासणीसाठी नंबर हवा होता, तर सुरतेच्या टोकाला, भेस्तानला राहणाऱ्या आपल्या आईचा टाकला. तिला सांगायचं राहून गेलं. पलीकडे खरी बाई आहे, हे एजंटला सांगायचंही राहून गेलं.

एजंट मोठा आज्ञाधारक. लावत राहिला. दोन आला, परत दोन आला, दोनच येत राहिला. शेवटी त्याने अहवाल दिला: एकचं बटण मेलेलं आहे, दोष गंभीर. मग इंजिनिअरांनी धडधाकट कोड उसवून ठेवला. कोणीतरी अ‍ॅपमधल्या बाईचा आवाज आणखी गोड केला. दोनच आला.

“कल पार्टी आ रही है, ऐप खरीदने,” मगनभाई म्हणाले. “शाम तक एक नहीं दिखा, तो तू भी मत दिखना, भाई.”

प्रदीपने आईला फोन लावला. लाइन बिझी. लाइनवर एजंट होता. पुन्हा लावला, पुन्हा एजंटच. मग त्याने बाइक काढली. भेस्तान काही लांब नव्हतं, पण चौदा एप्रिलच्या जयंतीनंतर कित्येक महिने तो तिकडे फिरकला नव्हता. म्हातारीला बटणं दिसत नसणार, अशी त्याची वाटेतच खात्री पटली.

केशरबाई दारात बसली होती. मांडीवर फोन. मोरीपाशी धुतलेलं ताट उपडं घातलेलं, त्याच्यावरून अजून पाणी ओघळत होतं.

“आला का,” ती म्हणाली. “बस जरा. तिचा फोन येईन आता.”

आलाच. “केशरबाई, जेवलात का? जेवला असाल तर एक दाबा, आज पुन्हा त्रास देणार नाही. नसाल तर दोन दाबा, थोड्या वेळाने पुन्हा विचारू.”

केशरबाईने न बघता, अंगठ्याने, अचूक दोन दाबला.

“आई, ताट तर धुऊन ठेवलंस. मग दोन का दाबलास?”

“एक दाबला तं पुन्हा विचारत नाही म्हनते ती.”

प्रदीपने नोकरीचं सांगितलं. पार्टीचं, बटणाचं, मगनभाईंचं. पलीकडे बाई नसून मशीन आहे, तेही सांगून टाकलं.

“ते कळलं मला पहिल्याच दिवशी,” केशरबाई म्हणाली. “मानसाला एवढी सवड कुठी?”

फोन वाजला. या वेळी तिने चष्मा लावला, बटणं नीट बघितली आणि एक दाबला.

लगेच मगनभाईंचा फोन. “आवी गयो, भाई. एक आवी गयो.” नंबर कोणाचा ते कळल्यावर त्यांना हसू आवरेना. “मम्मी का? अरे, तो टूल के नीचे साफ लिख ना. असली आदमी को फोन नहीं करना.”

प्रदीपने उंबऱ्यावर बसूनच मोबाइलवर लिहिलं, ‘हा नंबर खऱ्या बाईचा आहे. यावर फोन लावू नये.’ इतकं स्वच्छ वाक्य त्याने आजवर कोणत्याच टूलखाली लिहिलं नव्हतं. एजंटने ते तंतोतंत पाळलं. मांडीवरचा फोन गप्प पडून राहिला. केशरबाई मधूनच त्याची काच पदराने पुसत होती.

नोकरी वाचली होती. प्रदीप बूट घालायला लागला. काहीतरी बोलायला हवं म्हणून, लेस बांधता बांधता, त्याने विचारलं, “आई, जेवलीस ना?”

केशरबाईने आधी उपड्या ताटाकडे बघितलं, मग त्याच्या बुटांकडे.

“नाही,” ती म्हणाली.