सगळ्यांच्या सोयीची देखभाल

कारखान्यातल्या मोठ्या कॉम्प्रेसरचं बेअरिंग किंचाळायला लागलं होतं. ते जाम झालं असतं, तर सगळा कारखानाच बसला असता.

"अर्धा दिवस मशीन द्या, बेअरिंग बदलून टाकते," देखभालप्रमुख बाई बैठकीत म्हणाल्या.

"मॅडम, असं मनाला येईल तेव्हा नाही उघडायचं," बाहेरून आणलेला सल्लागार हसला. "आता आपली प्रक्रिया आहे. तीही खास आपल्या कारखान्याच्या मापाने शिवलेली! प्रत्येक विभागाने आपापली अट सांगायची. सगळ्या अटी जुळल्या, की संगणकाच्या पडद्यावर हिरवा दिवा."

चालू मशीन बंद करू देणार नाही, असं उत्पादनप्रमुखांनी लगेच सांगून टाकलं. हिशेबनीस म्हणाले, "आवाज काय, माझ्या स्कूटरचाही येतो. बिघाड सिद्ध झाल्याशिवाय नवा भाग मिळणार नाही." सुरक्षा अधिकाऱ्यांची मागणी साधी होती : मशीन पूर्ण गार असल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

"अहो, मग मी ते उघडायचं तरी कधी?"

"दिवा लागला की!"

टाळ्या पडल्या. कुणालाच काही सोडावं लागलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात कॉम्प्रेसरने एक आचका दिला आणि तो जाम झाला. कारखाना ठप्प. दुपारी बाई त्या गार पडलेल्या धुडाशेजारी उभ्या होत्या, तेवढ्यात सल्लागार धावत आला.



"मॅडम, अभिनंदन! हिरवा दिवा लागला!"